नाण्यावरची टोपी



पगार हाती पडला की आपण नोटा मोजतो, चिल्लर खिशात टाकतो. नाण्यावरचे चित्र कोण पाहतो? दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये छापील वर्तमानपत्रे नव्हती. सत्ताधाऱ्यांचे म्हणणे घरोघर नेण्याचे काम चांदीचे नाणे करीत असे.

त्याचे नाव देनारियस. इ. स. पूर्व २११ च्या सुमारास ते सुरू झाले. वजन चार ग्रॅमच्या आसपास. आपल्याला ठाऊक असलेला 'दिनार' हा शब्द त्यावरूनच आला. सम्राट ऑगस्टसच्या काळी साध्या शिपायाचा पगार वर्षाला २२५ देनारियस होता.

आधी या नाण्यांवर बहुतेक देवदेवतांची चित्रे असत. इ. स. पूर्व ४४ मध्ये रोमच्या टांकसाळीत ज्युलियस सीझरच्या चेहऱ्याचे नाणे पाडले गेले. जिवंत माणसाचा असा मान तिथे नवा होता. त्याच वर्षी १५ मार्चला सीझरचा खून झाला.

मारेकऱ्यांपैकी ब्रुटसने इ. स. पूर्व ४२ च्या सुमारास आपले नाणे काढले. एका बाजूला दोन खंजीर, त्यांच्यामध्ये एक टोपी आणि खाली खुनाची तारीख. ती टोपी साधी नव्हती. मालकाने मुक्त केलेला गुलाम ती डोक्यावर घाली. आम्ही रोमला गुलामीतून सोडवले, असे ब्रुटसला सांगायचे होते. पण दुसऱ्या बाजूला चेहरा कोणाचा? खुद्द ब्रुटसचा! आणि ज्यांची ती टोपी, ते लाखो गुलाम शेतांत आणि खाणींत राबतच राहिले. त्यांचे चिन्ह नाण्यावर आले, त्यांची सुटका झाली नाही.

पुढे इ. स. ७० मध्ये रोमने जेरुसलेम जिंकून उद्ध्वस्त केले. सम्राट व्हेस्पेशियनच्या नाण्यावर विजयचिन्हाखाली शोक करीत बसलेली एक ज्यू स्त्री दिसते. हरलेल्यांचे दुःख जिंकणाऱ्याने आपली शोभा म्हणून मिरवले.

तेव्हा माता-भगिनींनो, मुलांच्या हातावर नाणे ठेवाल तेव्हा दोन प्रश्नही द्या. हे चित्र कोणी काढून घेतले? आणि ज्याच्या नावाने काढले, त्याच्या पदरात काय पडले? हे विचारायला शिकलेल्या मुलाला नुसते चिन्ह दाखवून कोणी फसवू शकणार नाही.