चावी मागण्याआधी एसटी द्या

कुणा म्हाताऱ्याची मोटारसायकल घसरली की आपल्याकडे गल्लीभर एकच सल्ला सुरू होतो. “अब्बांची चावी काढून घ्या, आता घरी बसवा त्यांना.” सल्ला देणारा बहुतेक वेळा स्वतःच्या कारमधून उतरलेला असतो. मला या सल्ल्याचा राग येतो.

घरी बसवा म्हणजे नेमकं काय? दिवाळीच्या आसपास बीड जिल्ह्यातली लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. मुसलमानांची पोरं गॅरेजला नाहीतर ड्रायव्हरकीला छत्रपती संभाजीनगर-पुण्याला. गावात उरतात म्हातारे आणि नातवंडं. दादीची बीपीची गोळी, बँकेतला अंगठा, राशन, रात्री तापलेलं पोर, सगळं सत्तरीतल्या चाचांच्या हँडलवर. चावी काढून घेणारा हे उचलणार आहे का?

सरकारने ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना एसटी मोफत केली. ६५ ते ७५ वयाला निम्मं तिकीट आहेच, मार्च २०२३ पासून बायकांनाही निम्मं. चांगलंच केलं. पण मोफत तिकीट एसटीत बसल्यावर मिळतं. फाट्यापर्यंतचे तीन-चार किलोमीटर कोण नेणार? आणि गाडी आलीच तर तिची पायरी दुखऱ्या गुडघ्याला विचारून बघा. आपल्या अम्मीजान तर कधी गाडी शिकल्याच नाहीत, त्यांचं फिरणं आधी नवऱ्याच्या आणि मग मुलाच्या मर्जीवर.

आता दुसरी बाजू. धोका खोटा नाही. चाळिशीनंतर लायसन्स काढायला किंवा नव्याने करायला डॉक्टरचा दाखला लागतो, पंचावन्ननंतर ते पाचच वर्षांचं मिळतं. उजेडात २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का, असा साधा प्रश्न त्या नमुना १-अ मध्ये आहे. पण माणसाकडे न बघताच सही झालेले दाखले मी पाहिलेत. ती सही म्हणजे म्हाताऱ्यावरही अन्याय आणि समोरून येणाऱ्यावरही. मोतीबिंदू असेल तर समोरचा दिवा डोळ्यांत फुटतो, पुढची मोटारसायकल दिसतच नाही. त्यात हंगामात लाल रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या. धडधाकट पोरं त्यांना मागून धडकतात, तिथे चाचांचं काय घेऊन बसलात?

म्हणून माझं म्हणणं, चावी राहू द्या, अंधार काढून घ्या. मगरिबनंतर गाडी नको. फजरला मशिदीपर्यंत कुणी तरी मागे बसवून न्या. जुम्याला मशिदीच्या आवारात डोळे तपासायला कुणी बसलं तर कमिटीचं काही बिघडणार नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात फुकट होतं, तरी माणसं वर्षानुवर्षं ढकलतात. हेल्मेट टोपीवर बसत नाही ही तक्रार मी ऐकलीय. टोपी खिशात ठेवा.

आणि एसटीला एवढंच सांगायचंय. सकाळी दवाखान्याच्या वेळेला नेणारी आणि दुपारी परत आणणारी एक फेरी गावात येऊ द्या. ती सुरू झाली की चाचांकडे चावी मागायला मी स्वतः जाईन.