गाळ उपसला; काठाचे काय?

२२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूण बुडाले. त्यानंतर वाशिष्ठीतील गाळ उपसण्याचे काम शासनाने हाती घेतले. ते आवश्यकच होते. परंतु गाळ येतो कोठून, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. करंज, उंबर, वाळुंज यांची मुळे काठाची माती धरून ठेवतात. लव्हाळ्यांत पाण्याचा वेग मंदावून गाळ काठालाच बसतो. पात्राच्या मध्यभागी माजलेली झुडपे मात्र पाणी अडवून पुराची पातळी वाढवितात. ती काढावीत, यात दुमत नाही. पण यंत्रांनी काठही सरसकट बोडके केले आणि सह्याद्रीच्या उतारांवर कुऱ्हाड चालूच राहिली, तर उपसलेली जागा येणारे पावसाळे पुन्हा भरून काढतील. गाळ काढणे हे औषध झाले. काठ आणि डोंगर हिरवे राखणे, हे पथ्य होय.