उपासनेतील ‘आम्ही’

भक्तिकाव्य शिकवताना आपण नकळत एका एकट्या माणसाची कल्पना करीत असतो. कवी, त्याचा देव आणि दोघांमधील संवाद एवढाच संसार आपल्याला दिसतो. तो अभंग टाळकऱ्यांच्या घोळक्यात, पुढच्याच्या पाठीकडे पाहत, शेजाऱ्याच्या सुरात सूर मिसळून म्हटला जातो, ही गोष्ट फार तर प्रस्तावनेतल्या एका वाक्यात येते. हीच सवय घेऊन आपण रेव्हरंड ना. वा. टिळकांकडे वळलो की अर्धे टिळक हातून निसटतात. ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून ते पाठ्यपुस्तकांत टिकले, ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिल्याची हळहळही आपण व्यक्त करतो. पण ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातली त्यांची गीते मात्र ‘सांप्रदायिक’ म्हणून बाजूला ठेवली जातात. या गीतांना ज्या उपासनेने जन्म दिला तिच्यातील आनंद आणि शांती यांचा अर्थच आपण नीट तपासलेला नाही, असे आम्हांस वाटते.

प्रारंभ बायबलमधील स्तोत्रसंहितेपासून करावा. तिच्यातील १२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रे ‘आरोहणस्तोत्रे’ म्हणून ओळखली जातात आणि यरुशलेमेस यात्रेला निघालेल्यांची ती गीते असावीत असे परंपरा मानते. वारीशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला यांत नवल वाटू नये. त्यांपैकी १२२वे स्तोत्र आमच्या विषयासाठी फार महत्त्वाचे आहे. त्याच्या आरंभी आनंद आहे, आणि त्या आनंदाचे कारण मोठे साधे आहे: चला, परमेश्वराच्या घरी जाऊ, असे कोणीतरी म्हटले. देवदर्शन अजून व्हायचे आहे. आनंद झाला आहे तो सोबतीच्या हाकेने. स्तोत्राचा शेवट शांतीच्या मागणीने होतो, आणि ती मागणीही स्वतःसाठी नाही. बांधव आणि सोबती यांच्याकरिता नगराला शांती लाभो, असे गाणारा म्हणतो. आनंद दुसऱ्याकडून आला आणि शांती दुसऱ्यासाठी मागितली. गाणारा ‘मी’ या दोहोंच्या मध्ये उभा आहे.

येशूने शिष्यांना शिकविलेली प्रार्थना पाहिली तर हा ‘मी’ही उरत नाही. त्या प्रार्थनेत प्रथमपुरुषी एकवचन एकदाही येत नाही. पिता आमचा, भाकर आमची, अपराधही आमचेच. एकांतात, दार लावून ती म्हणणाऱ्यालाही अनेकवचनातच बोलावे लागते. व्याकरणाची ही गोष्ट आम्हांस लहान वाटत नाही. ज्याच्या घरी दोन वेळचे अन्न आहे तोही ‘आमची भाकर’ म्हणतो, तेव्हा ज्याच्या घरी ते नाही त्याची भूक त्याच्या तोंडून बोलली जाते. निदान तसे बोलण्याचे बंधन त्याने स्वीकारलेले असते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो पोकळ नाही. ठरलेले शब्द, ठरलेली वेळ, एकदम उठणे, एकदम बसणे यांतून जे निर्माण होते ते समूहाच्या ऊबेचे सुख. त्याला आनंद का म्हणावे? नवकवितेवर वाढलेल्या आपल्या पिढ्यांना तर तयार शब्दांची भीतीच वाटते. स्वतःचा शब्द सापडला नाही तर मौन बरे, असे आपण मानतो. परंतु शोकाच्या दिवशी माणसापाशी स्वतःचा शब्द नसतो. घरात मृत्यू झाल्यानंतरच्या रविवारी मंडळीत येऊन बसलेल्या माणसाला गाता येत नाही. त्याच्या वाटचे गीत त्या दिवशी इतर लोक गातात. तो केवळ पुस्तक उघडून उभा राहतो. काही आठवड्यांनी त्याचे ओठ हलू लागतात, आणि तेव्हा पुढच्या बाकावर कोणी दुसरा गप्प उभा असतो. तयार शब्दांचा उपयोग इथे कळतो. ते कोणा एकाचे नसतात म्हणूनच ते परस्परांसाठी म्हणता येतात. ऊबेचे सुख गप्प माणसाला सामावून घेत नाही. त्याच्यामुळे ते उणावते. उपासनेतील आनंद त्याला सोबत घेऊन चालतो, हा फरक आम्ही महत्त्वाचा मानतो.

मराठीत हे शब्द कसे आले, याचा इतिहास सरळ नाही. इंग्लंडातून येऊन गोव्यात राहिलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ एकट्याने मनात वाचण्यासाठी रचलेला नव्हता. पुराण सांगावे-ऐकावे तसा तो जमलेल्या भाविकांसाठी होता. मिस्सा मात्र लॅटिनमध्येच चालत असे, आणि ती पुढे साडेतीन शतके तशीच राहिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषांना उपासनेचे दार मोकळे केले, तेव्हा कुठे वसईच्या शेतकऱ्याला वेदीवरचे शब्द मराठीत ऐकू येऊ लागले. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत मराठी आधीपासून होती. तरी तिथेही इंग्रजी चालीवर मराठी शब्द बसविण्याची ओढाताण पुष्कळ काळ चालली.

टिळकांचे कार्य इथे समजते. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने अभंग, पदे, भजने उपासनेत आणली. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. कागदावर त्यांतली काही गीते साधी, क्वचित सपाटही वाटतात. हे आम्ही वर्गात अनेकदा म्हटले आहे. पुढे नगर जिल्ह्यातल्या एका लहानशा देवळात तबला-पेटीवर त्यांतले एक गीत ऐकले आणि आमचे मत आम्हांलाच अपुरे वाटू लागले. धृपद फिरून फिरून येत होते. वाचताना जी पुनरुक्ती वाटली होती, तिच्यात उशिरा आलेली म्हातारी सामील होत होती, अक्षरओळख नसलेला माणूस सामील होत होता, मूल सामील होत होते. त्या साधेपणात प्रत्येकाला शिरण्याइतकी जागा कवीने राखून ठेवली होती.

आता शांतीविषयी. मिस्सेमध्ये प्रभूच्या प्रार्थनेनंतर आणि ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी उपासक एकमेकांना शांती देतात. कुठे हस्तांदोलन, कुठे हात जोडून नमस्कार. क्षणभराचा हा विधी, पण त्याचा क्रम अर्थपूर्ण आहे: आधी शेजारी, मग वेदी. वेदीपाशी अर्पण आणले असता भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून प्रथम समेट करावा, ही मत्तयाच्या शुभवर्तमानातील शिकवण या क्रमामागे उभी आहे. ही शांती मनाच्या स्वस्थतेहून निराळी आहे. ती शेजाऱ्याच्या हाती असते. त्याने हात पुढे केला नाही तर ती मिळत नाही.

म्हणूनच ती खोटीही ठरू शकते. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाला जमलेल्यांपैकी काही भुकेले राहत आणि काही पिऊन मस्त होत, तेव्हा पौलाने त्यांना स्पष्ट सांगितले की हे प्रभुभोजन नव्हेच. आपल्या देशात हा प्रश्न जातीच्या रूपाने उभा राहिला आणि ख्रिस्ती मंडळ्याही त्यातून सुटल्या नाहीत. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ या दृष्टीने पुन्हा वाचावीत. नवऱ्याच्या धर्मांतरानंतर सोवळे, पाणी, पंगत यांपैकी एकेक गोष्ट सुटताना अंगाला काय सोसावे लागले, हे त्या विनोदाच्या आड लपवीत नाहीत. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो विचार पटल्यावर. पण विचाराआधी हाताला आणि घशाला पटावे लागले होते. एका पेल्यातून घेणे हे ज्यांना जन्मतः सोपे होते, त्यांना या शांतीची किंमत कदाचित कळणार नाही. आणि जिथे गाणे एकत्र पण बाके वेगळी, तिथे गीत कितीही सुरेल असले तरी १२२व्या स्तोत्रातली हाक कोणीतरी अर्ध्यावर थांबविलेली असते.

समीक्षेने श्रद्धा बाळगावी असे आमचे म्हणणे नाही. अश्रद्ध वाचकालाही एवढे करता येईल: टिळकांचे एखादे उपासनागीत पुढच्या तासाला वर्गात मनात न वाचता सर्वांनी मिळून मोठ्याने म्हणावे, चाल येत नसेल तर नुसते म्हणावे. कोणाचा आवाज आधी उठतो, कोण कोणासाठी थांबतो आणि कोण गप्प राहतो, हे पाहून मग त्या गीताविषयी बोलावे.