सुट्या भागाअभावी मोडीत

यंत्राचे आयुष्य त्याच्या सांगाड्यावर ठरावे की एका सुट्या भागावर, हा प्रश्न मागील चाकालाही शॉक ॲब्सॉर्बर असलेल्या जुन्या माउंटन सायकलीने उभा केला आहे. सांगाडा भक्कम असतो; परंतु मागील शॉकचे तेल गळू लागले की सारी सायकल अडते. बदली शॉकची लांबी आणि दबण्याची मर्यादा ही दोन्ही मापे जुळावी लागतात. तो प्रमाणाबाहेर दबला, तर मागचा टायर सांगाड्यावर आदळू शकतो. १६५ मिलिमीटर लांबी व ३८ मिलिमीटर दाब हे एके काळी प्रचलित माप होते. २०१६ पासून उत्पादकांनी नवी मेट्रिक मापे आणली आणि जुनी मागे पडत गेली.

सोलापूरला दुरुस्तीचे वावडे नाही. यंत्रमागाचा झिजलेला भाग लेथवर घडविणाऱ्या या शहरात शॉकचे बुश सहज कातून मिळतील. परंतु तेल आणि दाबाखालील हवा कोंडून धरणारी शॉकची बंदिस्त रचना लेथवर उतरत नाही. याउलट ॲटलासचा साहिबाबाद येथील कारखाना २०२० मध्ये बंद पडला, म्हणून त्या साध्या सायकली मोडीत निघाल्या नाहीत. कारण त्यांची मापे सामाईक आहेत आणि लुधियानाचा माल त्यांना चालतो.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ पोर्टल सुरू केले. माहिती हे पहिले पाऊल होय. सुटे भाग किती वर्षे पुरविणार, हे विक्रीच्या वेळीच सांगण्याचे बंधन उत्पादकांवर हवे. अन्यथा किंमत संपूर्ण सायकलीची आणि भरवसा मात्र तिच्या सर्वांत अल्पायुषी भागाचा, असा हा सौदा राहील.