कष्टकरी स्त्रीच्या हाडांचा हिशेब

1972 च्या दुष्काळात खडी फोडणारी, डोक्यावर मातीची पाटी वाहणारी सांगोला तालुक्यातील पंधरा-सोळा वर्षांची मुलगी आज सत्तरीच्या उंबरठ्यावर उभी आहे. त्या कामांची मोजमापे दप्तरात नोंदली गेली. ती कामे उभी करणाऱ्या स्त्रीच्या हाडांची नोंद कोणीच ठेवली नाही. ती अंगणात पाय घसरून पडते, खुब्याचे हाड मोडते आणि उरलेले आयुष्य खाटेवर काढते. घरचे म्हणतात, वय झाले. शासनालाही हेच उत्तर सोयीचे आहे. कारण वयावर खापर फोडले की जबाबदारी कोणाचीच उरत नाही.

वस्तुतः हा रोग आहे आणि त्यावर उपचारही आहेत. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते, हाड भरण्यापेक्षा झिजण्याचा वेग वाढतो आणि अस्थिसुषिरता जडते. हाड मोडेपर्यंत ती बहुधा कळत नाही, म्हणूनच ती शोधावी लागते. पिशवी काढताना बीजकोशही काढले गेले, तर ही झीज ऐन उमेदीतच सुरू होते. 2019 साली बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, त्याला ही बाजूही आहे.

हा सुखवस्तू, बैठ्या स्त्रियांचा आजार असून कष्टाने हाडे बळकटच होतात, असा युक्तिवाद केला जातो. श्रमाने हाड घडते हे खरे. पण ते अन्नावाचून घडत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील वीणा शत्रुघ्न आणि सहकाऱ्यांनी अल्प उत्पन्न गटातील 30 ते 60 वयाच्या 289 स्त्रियांची तपासणी केली. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे 29 टक्के स्त्रियांच्या खुब्याच्या हाडात अस्थिसुषिरता आढळली. घरचे दूध डेअरीला घालून स्वतः कोरडी भाकरी खाणाऱ्या बाईला या आकड्याचे आश्चर्य वाटणार नाही.

एवढ्या स्त्रियांची तपासणी परवडणार कशी, हा दुसरा आक्षेप. त्याचे उत्तर वजनकाट्यावर आहे. आशियाई स्त्रियांसाठी 2001 साली मांडलेली एक साधी रीत आहे : किलोतील वजनातून वय वजा करावे, उरलेल्यास 5 ने भागावे, उत्तर उणे 4 च्या खाली गेले तर धोका मोठा. 64 वर्षांच्या, 38 किलो वजनाच्या बाईचे उत्तर उणे 5.2 येते. यातून निदान होत नाही. डेक्सा यंत्रावर आधी कोणाला पाठवावे एवढे मात्र कळते. ब्रिटनमध्ये 70 ते 85 वयाच्या बारा हजारांहून अधिक स्त्रियांवर अशाच टप्प्याटप्प्याच्या छाननीची चाचणी झाली. 2018 साली जाहीर झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार एकूण अस्थिभंग लक्षणीय घटले नाहीत. परंतु खुब्याचे अस्थिभंग 28 टक्क्यांनी घटले, आणि बाईला खाटेला खिळवणारा अस्थिभंग तोच होय.

आशा कार्यकर्ती आज मधुमेह, रक्तदाब आणि तीन कर्करोगांच्या तपासणीसाठी घरोघर जाते. त्या यादीत हाडांच्या झिजेला स्थान नाही. शासनाने मोकळी सोडलेली ही जागा बाजार भरून काढतो. मोफत तपासणीचा फलक लावायचा, टाचेवर यंत्र टेकवायचे, भीती घालायची आणि कॅल्शियमचे डबे खपवायचे, ही आरोग्यसेवा नव्हे, ग्राहक गोळा करण्याची युक्ती आहे. छाननीनंतर पुढची तपासणी आणि औषध मिळणार नसेल, तर सरकारी छाननीही तितकीच फसवी ठरेल.

म्हणून मागणी पुरती मांडली पाहिजे. उपकेंद्रात रजोनिवृत्त स्त्रीचे वय, वजन, पूर्वीचा अस्थिभंग आणि शस्त्रक्रिया यांची नोंद व्हावी. धोका दिसेल तिची डेक्सा तपासणी मोफत व्हावी. सांगोल्याहून सोलापूर सुमारे 80 किलोमीटर, तेव्हा जाण्यायेण्याचा खर्च आणि बुडालेला रोजही शासनाने द्यावा. आठवड्याला एकदा घ्यावयाची ॲलेन्ड्रोनेटची गोळी मूळ पेटंट संपून स्वस्त झाली आहे. ती योग्य रुग्णाला प्राथमिक आरोग्य केंद्रातच मिळावी.

गणपतराव देशमुखांना अकरा वेळा विधानसभेत पाठविणाऱ्या या तालुक्याला पाण्यासाठी झगडणे नवे नाही. पाण्याच्या मोर्चांत चाललेल्या बायांसाठी आता कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत उभे राहावे आणि गावातील पन्नाशीपुढील स्त्रियांची यादी आरोग्य अधिकाऱ्यापुढे ठेवावी. तालुका ज्यांच्या पाठीवर उभा राहिला, त्यांच्या पाठीचा कणा शाबूत ठेवणे ही मेहेरबानी नव्हे. ते थकलेले देणे आहे.