काळी ज्वारी आणि बुरशीचे मोल

कापणीच्या तोंडावर पाऊस लागला की खरिपाची ज्वारी कणसातच काळी पडते. खरेदीदार मूठभर दाणे तळहातावर घेतो, नाक मुरडतो आणि भाव पाडतो. बुरशी म्हणजे नुकसान, एवढेच आम्हाला माहीत. पण बुरशीनेच जगात लाखो जीव वाचवले आणि त्यात शेतमालाचा वाटा मोठा होता, हे आम्हाला कोणी सांगितले नाही.

१९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना दिसले की काचेच्या बशीत उगवलेल्या बुरशीभोवतीचे जंतू मरतात. बुरशीच्या त्या रसाला त्यांनी पेनिसिलिन नाव दिले. ऑक्सफर्डला फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी त्यातून औषध वेगळे काढले. पण बुरशी ते देई अगदी थेंबाथेंबाने. १९४१ साली पहिल्या रोग्याला उतार पडू लागला आणि औषध संपले. त्याच्या लघवीतून काढून पुन्हा टोचले, तरी पुरले नाही. माणूस दगावला.

त्याच वर्षी फ्लोरी आणि हीटली अमेरिकेत पिओरिया या गावी पोचले. तेथील प्रयोगशाळा औषधांची नव्हती, शेतीची होती. १९३८ च्या शेती कायद्याने अमेरिकन सरकारने अशा चार प्रयोगशाळा काढल्या होत्या. काम एकच : जास्तीच्या शेतमालाला नवे गिऱ्हाईक शोधणे. तेथे मॉयर यांनी मक्यातून स्टार्च काढताना उरणारे पाणी बुरशीला पाजले. औषधाचा उतारा कितीतरी पटींनी वाढला. १९४३ साली त्याच गावच्या बाजारातल्या सडक्या खरबुजावर आणखी जोमदार बुरशी सापडली. दुसऱ्या वर्षी युद्धातल्या जखमींना पुरेल एवढे औषध तयार होते.

या चारांपैकी न्यू ऑर्लिन्सच्या प्रयोगशाळेने सुरकुत्या न पडणारे सुती कापड काढले आणि कृत्रिम धाग्यापुढे कापसाला उभे केले.

आपल्याकडे पेनिसिलिनचा सरकारी कारखाना १९५४ साली पिंपरीला निघाला. कापसाची प्रयोगशाळा तर मुंबईत १९२४ पासून आहे. विद्वान आहेत, इमारती आहेत. तरी काळी ज्वारी हलक्या भावानेच जाते. तेथे मक्याचे टाकाऊ पाणी सोन्याच्या मोलाचे झाले, कारण गिऱ्हाईक शोधणे हेच प्रयोगशाळेचे काम ठरवले होते. येथे उत्पादन वाढवा म्हणून उपदेश होतो आणि वाढलेल्या मालाचे काय करायचे, हे विचारले की सगळे गप्प.

गैरसमज नको. काळ्या ज्वारीत औषध आहे, असे आम्ही म्हणत नाही. काही बुरशी विषारी असतात. असा दाणा तपासल्याशिवाय माणसाने खाऊ नये, जनावरालाही घालू नये. म्हणूनच तालुक्याला तपासणीची सोय हवी. दाणा खराब किती, त्यातला स्टार्च शाबूत किती, हे मोजून भाव ठरावा. खरेदीदाराच्या नाक मुरडण्यावरून नव्हे. आणि स्टार्च-अल्कोहोलच्या कारखान्यांना माल थेट विकण्याची वाट मोकळी असावी.

आम्हाला दया नको, गिऱ्हाईक हवे. जिल्हा बैठकीत हा ठराव मांडू. येताना आपापल्या खळ्यावरची मूठभर ज्वारी घेऊन या.