उद्याचा मळा आणि आजचा कोयता

प्रवासवर्णन शिकवताना आमच्या वर्गात जपान हटकून येतो. पु. ल. देशपांडे यांच्या 'पूर्वरंग' (१९६३) मधला जपान वाचून झाला की आजचे विद्यार्थी टोकियोच्या 'मिराइकान'कडे वळतात. २००१ साली उघडलेल्या या विज्ञान-संग्रहालयातला 'असिमो' हा चालता-बोलता यंत्रमानव त्यांनी चित्रफितींत पाहिलेला असतो. "भविष्य पाहायला जपानलाच जावे लागते का?" असे एका विद्यार्थिनीने विचारले, तेव्हा आम्हांला उत्तर सुचले नाही. म्हणून जानेवारी २०२५ मध्ये आम्ही काही प्राध्यापक तिच्या वर्गासह बारामतीजवळच्या शारदानगरला 'कृषिक' प्रदर्शन पाहण्यास गेलो.

तेथील उसाच्या मळ्याभोवती गर्दी होती. मातीतले संवेदक ओलावा मोजतात, उपग्रह वरून पिकाची प्रकृती पाहतो, हवामान केंद्र वारा-पावसाची नोंद ठेवते आणि या साऱ्यावरून कृत्रिम बुद्धिमत्ता पाणी केव्हा द्यावे, खत किती घालावे, हे शेतकऱ्याला सांगते. ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या सहकार्याने अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने केलेला हा प्रयोग खरोखरच थक्क करणारा आहे. पाण्याची आणि खताची उधळपट्टी थांबावी, हे कोणाला नको असेल? फेटे बांधलेले वृद्ध शेतकरी 'सेन्सर', 'डेटा' हे शब्द इतक्या सहजपणे उच्चारत होते, की परिभाषेवर वाद घालणारे आम्हीच तेथे परके ठरलो.

दुपारी इंदापूरकडे निघालो. भवानीनगरच्या अलीकडे उसाने लादलेल्या बैलगाड्यांची रांग लागली. गाळपाचा हंगाम ऐन भरात होता. रस्त्याकडेला कोपी, कोपीपुढे चूल आणि चुलीशी शाळेच्या वयाची मुलगी. या व्यवहारात नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. किती माणसे आली, असे कोणी विचारत नाही. किती कोयते आले, असे विचारतात.

सकाळपासून जे मनात घुटमळत होते, त्याला येथे शब्द सापडला. मुळाशी ओलावा किती, हे मोजणारे यंत्र आपल्याजवळ आले आहे. पण तोच ऊस तोडणारी दोन माणसे आपल्या भाषेत अजून एक अवजार आहेत. यंत्राने माणसाचे यंत्र केले, अशी तक्रार साहित्यात जुनी आहे. येथे ते काम संगणक येण्याच्या कितीतरी आधी भाषेनेच उरकले होते, आणि त्या भाषेचे अध्यापक आम्ही आहोत.

प्रयोगाला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. मळ्याने पिकाचा प्रश्न सोडवायचा असतो. 'कोयता' या शब्दाचा हिशेब साहित्याने मागायचा असतो. उद्या तोडणी यंत्रे सर्रास फिरू लागतील, तेव्हा हा शब्दही जाईल आणि त्यात कोंबलेली दोन माणसे कुठे गेली, याची नोंद कोणत्याही संवेदकापाशी नसेल.

मिराइकानमधला असिमो वीस वर्षांच्या सेवेनंतर मार्च २०२२ अखेर समारंभपूर्वक निवृत्त झाला. यंत्राला निरोप मिळाला. कोयत्याला निदान नाव तरी मिळावे. परतीच्या वाटेवर त्या विद्यार्थिनीने वहीत लिहिले होते : 'चुलीजवळच्या मुलीचे नाव विचारायचे राहिले.' आमच्या मते मराठीतले नवे प्रवासवर्णन या वाक्यापासून सुरू व्हायला हवे.